विश्लेषण : मिणमिणत्या प्रकाशातले त्रिमितीय चित्र… डिजिटल होलोग्राफी मोजते किती आणि अंदाज बांधते किती?

चित्र चांगले हवे असेल तर उजेड भरपूर हवा, हा छायाचित्रणाचा पहिला धडा. पण ज्यांना उजेड सोसतच नाही त्यांचे काय? जिवंत पेशी, डोळ्याचा पडदा, जुनी भित्तिचित्रे यांच्यावर हवा तितका प्रकाश टाकता येत नाही. अशा ठिकाणी डिजिटल होलोग्राफी उपयोगी पडू शकते. अगदी थोड्या प्रकाशातही वस्तूची त्रिमितीय नोंद घेण्याची या तंत्राची क्षमता गेल्या दोन दशकांत बरीच वाढली आहे. मात्र प्रकाश जितका कमी, तितका संगणकाच्या हिशेबाचा वाटा जास्त. उद्या हेच तंत्र रक्ततपासणीपर्यंत पोहोचणार असेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या चित्रातले प्रत्यक्ष मोजलेले किती आणि भरून काढलेले किती, हे विचारायला हवे.

आपण ज्याला होलोग्राम म्हणतो तो होलोग्राम असतो का?

बहुतेक वेळा नसतो. २३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या ‘होलोग्राम पुतळ्या’चे अनावरण झाले. ती प्रोजेक्टरने पारदर्शक पडद्यावर टाकलेली प्रतिमा होती. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी यांच्या ‘थ्रीडी’ सभा एकाच वेळी अनेक गावांत झाल्या. त्यामागची युक्ती तर १८६२ पासून लंडनच्या रंगमंचावर वापरात होती. प्रेक्षकांसमोर तिरपा पारदर्शक पृष्ठभाग ठेवायचा, त्यात आडोशाच्या माणसाचे किंवा चित्राचे प्रतिबिंब पाडायचे आणि माणूस मंचावरच उभा असल्याचा आभास निर्माण करायचा. जॉन हेन्री पेपर यांच्या नावावरून या युक्तीला ‘पेपर्स घोस्ट’ म्हणतात.

या दोन्ही प्रकारांत प्रतिमा सपाटच असते. उलट, बँकेच्या कार्डावरचा चकचकीत स्टिकर हा साधा असला तरी खऱ्या होलोग्रामच्या कुळातला असतो, कारण त्यात प्रकाशलहरीचा आकार कोरलेला असतो. होलोग्राफीची खूण हीच. ती वस्तूचे चित्र साठवत नाही. वस्तूवरून निघालेली लहर साठवते.

लहर साठवते म्हणजे नेमके काय साठवते?

प्रकाशाच्या लहरीबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. लहर किती जोरकस आहे ही पहिली आणि एखाद्या ठिकाणी ती शिखरावर आहे, दरीत आहे की मधे कुठे, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला ‘फेज’ म्हणतात. मराठी परिभाषेत तिला कला हा शब्द आहे. वस्तूचा कोणता भाग जवळ आणि कोणता लांब, हे या फेजमध्ये दडलेले असते, कारण लांबच्या भागाकडून येणारी लहर थोडी उशिरा पोहोचते.

अडचण अशी, की कोणताही कॅमेरा फेज थेट पाहू शकत नाही. लाल प्रकाशाची लहर सेकंदाला सुमारे ४७० लाख कोटी वेळा वरखाली होते. इतक्या वेगाने मोजणारे उपकरण नसल्याने कॅमेऱ्याच्या हाती केवळ सरासरी तेजस्विता लागते आणि खोलीची माहिती निसटते. म्हणून साधे छायाचित्र सपाट असते.

यावरचा उपाय डेनिस गॅबर यांना १९४७ मध्ये सुचला. जन्माने हंगेरियन असलेले गॅबर तेव्हा इंग्लंडमधील रग्बी येथे एका विद्युत कंपनीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या प्रयत्नात होते. वस्तूवरून आलेल्या लहरीत ओळखीची दुसरी लहर मिसळली, तर दोन्ही लहरी कुठे एकमेकींना बळ देतात आणि कुठे खोडून काढतात. त्यातून उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. हे पट्टे कुठे दाट, कुठे विरळ आणि कुठे वाकलेले आहेत, यावरून फेज परत काढता येते. ओळखीच्या लहरीला संदर्भझोत म्हणू आणि वस्तूवरून आलेल्या लहरीला वस्तुझोत.

गॅबर यांची कल्पना काळाच्या पुढे होती. एकसुरात चालणाऱ्या लहरी देणारा लेझर १९६० मध्ये आला. त्यानंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी संदर्भझोत तिरपा टाकला. त्यामुळे गॅबर यांच्या पद्धतीत मूळ प्रतिमेवर चढून बसणारी ‘जुळी’ प्रतिमा बाजूला झाली. १९६४ मध्ये त्यांनी दाखवलेला खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम आजही प्रसिद्ध आहे. गॅबर यांना १९७१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

‘डिजिटल’ झाल्याने काय बदलले?

पूर्वी होलोग्राम विशेष काचपट्टीवर घेत. तिच्यावरचा रासायनिक थर इतका बारीक कणांचा असावा लागे, की एका मिलिमीटरमध्ये हजारो रेषा वेगळ्या उमटाव्यात. कण बारीक झाले की प्रकाशाची जाण मंदावते. त्यामुळे प्रखर लेझर किंवा लांबलचक वेळ, यांपैकी एक लागेच. मग काचपट्टी धुवा, वाळवा आणि पुन्हा लेझरने उजळून पाहा. अत्यल्प प्रकाशात काम करण्याचा प्रश्नच नव्हता.

काचपट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक वापरून पुढचे काम गणिताने करायचे, हा प्रयोग जोसेफ गुडमन आणि लॉरेन्स यांनी १९६७ मध्येच केला होता. पण तेव्हाचे संवेदक आणि संगणक तोकडे होते. १९९४ मध्ये जर्मनीत उल्फ श्नार्स आणि वेर्नर युप्टनर यांनी सीसीडी संवेदकावर होलोग्राम थेट नोंदवला आणि संगणकातच प्रतिमा उभी केली. १९९७ मध्ये जपानचे इचिरो यामागुची आणि त्यांचे सहकारी झांग यांनी संदर्भझोताची फेज टप्प्याटप्प्याने सरकवून अनेक नोंदी घेण्याची पद्धत दिली. त्यातून फेज आणखी नेमकी मिळू लागली.

डिजिटल नोंदीचा मोठा फायदा म्हणजे फोकस नंतर करता येतो. लहर एका ठिकाणी पूर्ण माहीत असेल, तर ती मागे-पुढे कुठे कशी असेल हे गणिताने काढता येते. थेंबभर पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर तरंगणारे जंतू एकाच नोंदीतून एकामागून एक स्पष्ट करता येतात आणि त्यासाठी भिंग हलवावे लागत नाही.

मर्यादाही आहेत. संवेदकाचे पिक्सेल काचपट्टीच्या कणांपेक्षा पुष्कळ मोठे असतात. पाच मायक्रॉनचा पिक्सेल आणि लाल लेझर घेतला, तर दोन्ही झोतांमधला कोन साडेतीन अंशांच्या आसपासच ठेवावा लागतो. त्याहून तिरपे पट्टे संवेदकाला वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय एका होलोग्राममधून वस्तूची एकच बाजू कळते. पेशीच्या आतले सर्व थर हवे असतील, तर अनेक कोनांतून नोंदी घ्याव्या लागतात.

मुळात प्रकाश कमी का ठेवायचा?

कारण पाहण्याच्या कृतीनेच वस्तू बिघडते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरू देत नाहीत, कारण प्रकाशाने रंगद्रव्यांचा ऱ्हास होतो आणि तो उलट फिरवता येत नाही. पेशींचेही तसेच. प्रखर प्रकाशात, विशेषतः निळ्या आणि अतिनील प्रकाशात, पेशीत घातक रेणू तयार होतात. पेशी मरते किंवा तिचे वागणे बदलते आणि संशोधक निरोगी पेशीऐवजी त्रासलेली पेशी मोजत बसतो. डोळ्याच्या पडद्यावर टाकायच्या लेझरला तर सुरक्षेची कडक मर्यादा आहे.

दुसरे कारण वेग. वेगाने हलणारी वस्तू स्थिर टिपायची तर नोंदीचा काळ अगदी छोटा हवा. एक मिलिवॉटचा लाल लेझर सेकंदाला तीनावर पंधरा शून्ये इतके फोटॉन देतो. पण नोंदीचा काळ दहा मायक्रोसेकंदांवर आणला, की त्यांतला एक लाखावा हिस्साच उरतो. त्यातले बरेचसे वस्तूवरून इतस्ततः विखुरतात आणि संवेदकावरच्या लाखो पिक्सेलमध्ये वाटले जातात. म्हणजे लेझर मंद नसला तरी एका पिक्सेलच्या वाट्याला येणारा प्रकाश मंदच असतो. दूरच्या किंवा काळपट वस्तूंच्या बाबतीतही असेच घडते.

प्रकाश कमी झाला की अडते कुठे?

तीन ठिकाणी. पहिली अडचण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश फोटॉनच्या सुट्या दाण्यांनी येतो. वळवाचा पाऊस सुरू होताना अंगणातल्या फरश्या पाहिल्या तर एकीवर तीन थेंब, शेजारचीवर एकही नाही, असे दिसते. पाऊस सगळीकडे सारखाच असतो, पण थेंब मोजके असल्याने फरक ठळक दिसतो. फोटॉनचेही तसेच. सरासरी १०० फोटॉन येत असतील तर मोजणीत साधारण १० इकडे-तिकडे होतात, म्हणजे चूक १० टक्के. दहा हजार फोटॉन असतील तर साधारण १००, म्हणजे एक टक्का. अचूकता दहापट हवी तर प्रकाश शंभरपट हवा. हा नियम कोणत्याही कॅमेऱ्याला चुकवता येत नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची स्वतःची. संवेदक वाचताना त्यातली विद्युतयंत्रणा थोडा गोंगाट मिसळतेच. भरपूर प्रकाशात तो जाणवत नाही. पण पिक्सेलमागे एक-दोन फोटॉनच आले असतील, तर खरा संकेत त्या गोंगाटात बुडून जातो.

तिसरी अडचण थरथरीची. प्रकाश कमी असेल तर जास्त वेळ नोंद घ्या, हा छायाचित्रकाराचा उपाय इथे सहज चालत नाही. होलोग्राममधले पट्टे तरंगलांबीच्या अंशाएवढ्या हालचालीनेही पुसट होतात. लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६३३ नॅनोमीटर; तिचा दहावा हिस्सा म्हणजे ६० नॅनोमीटर. रस्त्यावरून ट्रक गेला तरी टेबल याहून जास्त हलते.

मग इतक्या क्षीण प्रकाशात पट्टे उमटतात तरी का?

उमटतात, आणि याचा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांच्या सूचनेवरून तरुण जेफ्री टेलर यांनी १९०९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गॅसची ज्योत, ती मंद करण्यासाठी काजळी धरलेल्या काचा, एक सुई आणि मागे छायाचित्राची काचपट्टी, इतकीच सामग्री. सुईच्या सावलीभोवती प्रकाशलहरींचे पट्टे उमटतात. प्रकाश कमी करत गेल्यावर ते पट्टे पुसट होतात का, हा प्रश्न होता. शेवटच्या नोंदीत प्रकाश इतका मंद होता, की मैलाहून थोड्या अधिक अंतरावर जळणाऱ्या मेणबत्तीचा असावा तेवढा. काचपट्टीवर पुरेसा ठसा उमटायला सुमारे २,००० तास, म्हणजे जवळपास तीन महिने लागले. पण पट्टे तितकेच रेखीव होते.

आजच्या भाषेत सांगायचे तर फोटॉन एकेकटे आले तरी ते जमता जमता लहरीचाच नकाशा तयार होतो. म्हणून कमी प्रकाशात होलोग्राफी तत्त्वतः अशक्य नाही. अडचण ती व्यवहारात, मोजता येण्याजोग्या वेळेत, करण्याची आहे. सुई तीन महिने जागची हलत नाही. पेशी तीन सेकंदही स्वस्थ बसत नाही.

संदर्भझोत इथे मदतीला कसा येतो?

कमी प्रकाशात होलोग्राफी साध्या छायाचित्रापेक्षा सरस का ठरते, याचे उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. समजा, वस्तूवरून एका पिक्सेलवर एकच फोटॉन येतो आणि कॅमेऱ्याचा गोंगाट दहा एककांचा आहे. साध्या छायाचित्रात तो एक फोटॉन हरवला. आता त्याच पिक्सेलवर दहा हजार फोटॉनचा संदर्भझोत टाका. दोन लहरी मिसळल्या की फोटॉनच्या आकड्यांची नव्हे, लहरींच्या उंचीची बेरीज होते. गणित केले तर पट्ट्यांमुळे होणारा चढउतार दहा हजार आणि एक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट, म्हणजे २०० इतका येतो. संदर्भझोताचा नैसर्गिक गोंगाट १००. या १०० पुढे कॅमेऱ्याचे दहा नगण्य. एकाचा संकेत २०० चा झाला आणि गोंगाटाच्या वर आला.

शिवाय हा प्रखर संदर्भझोत वस्तूवर पडतच नाही. तो बाजूने थेट संवेदकावर येतो. पेशीला, चित्राला किंवा डोळ्याला मंद प्रकाशच सोसावा लागतो. फ्रान्सचे मिशेल ग्रोस आणि मिखाएल आत्लां यांनी २००७ मध्ये तिरपा झोत आणि टप्प्याटप्प्याने सरकवलेली फेज एकत्र वापरून दाखवले, की अशा पद्धतीची संवेदनक्षमता फोटॉनच्या स्वभावाने घातलेल्या मर्यादेपर्यंत नेता येते. कॅमेऱ्याचा गोंगाट मग आड येत नाही.

पण या हिशेबाची दुसरी बाजू विसरता कामा नये. संदर्भझोत संकेत उचलून धरतो, नवी माहिती निर्माण करत नाही. वस्तूवरून एकच फोटॉन आला असेल, तर त्या ठिकाणाबद्दलचे ज्ञान एका फोटॉनपुरतेच असते.

आणखी कोणते मार्ग आहेत?

एक मार्ग फोटॉन एकेक करून मोजण्याचा. त्यासाठी एकेकटा फोटॉन टिपणारे संवेदक आता उपलब्ध आहेत. बहुतेक पिक्सेल रिकामे आणि मोजक्यांवर एखादा ठिपका, अशा अनेक नोंदी घेऊन त्यांच्यातून लहर उभी करतात. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठात बहराम जाविदी यांच्या गटाने फोटॉन मोजून त्रिमितीय वस्तू पाहण्यावर आणि ओळखण्यावर दीर्घकाळ काम केले आहे.

दुसरा मार्ग थरथर टाळण्याचा. वस्तुझोत आणि संदर्भझोत वेगवेगळ्या वाटांनी येतात तेव्हा दोन्ही वाटा वेगवेगळ्या हलतात. त्याऐवजी सूक्ष्मदर्शकातून आलेला एकच झोत जाडसर काचेच्या पट्टीवर टाकला, तर तिच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांवरून त्याच्या दोन किंचित सरकलेल्या प्रती परावर्तित होतात. पेशीची एक प्रत आणि शेजारच्या रिकाम्या जागेची दुसरी प्रत एकमेकींवर येतात आणि रिकामी जागाच संदर्भझोताचे काम करते. दोन्ही एकाच वाटेने आल्याने टेबल हलले तरी दोन्ही सारखेच हलतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अरुण आनंद यांच्या गटाने स्वस्त आणि आटोपशीर होलोग्राफी सूक्ष्मदर्शकांवर बरेच काम केले आहे. जाविदी यांच्या गटाशीही त्यांचे सहकार्य राहिले आहे.

तिसरा मार्ग लेझरशिवायचा. काही पेशींना चमकणारी रंगद्रव्ये लावून पाहतात. त्या चमकेतले फोटॉन कमी असतात आणि त्यांच्या लहरींचा सूरही जुळत नाही; म्हणून बाहेरचा संदर्भझोत कामाचा नसतो. इस्रायलचे जोसेफ रोझेन आणि अमेरिकेचे गॅरी ब्रूकर यांनी २००७ मध्ये यावर मार्ग दाखवला. प्रत्येक बिंदूच्या प्रकाशाचे दोन भाग करायचे आणि त्याचे त्याच्याशीच व्यतिकरण घडवायचे.

संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे काय?

मोजणी अपुरी पडते तिथे गणित पुढे येते. गणिताचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत.

पहिल्यात भौतिकशास्त्राचे नियम आणि वस्तूबद्दलची साधी गृहीतके असतात. उदाहरणार्थ, प्रतिमेत शेजारचे भाग बहुधा सारखे असतात, कडा मोजक्या असतात. या अटी पाळणाऱ्या शक्यतांपैकी नोंदीशी सर्वांत जुळणारी लहर संगणक शोधतो. आयआयटी दिल्लीत केदार खरे यांच्या गटाने एकाच होलोग्राममधून पूर्ण तपशिलाची लहर अशा पद्धतीने काढण्यावर काम केले आहे. यात कोणती गृहीतके वापरली ते लिहून दाखवता येते.

दुसऱ्यात संगणकाला हजारो उदाहरणे दाखवून शिकवतात. एमआयटीतील जॉर्ज बार्बास्टाथिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पिक्सेलमागे सरासरी एक फोटॉन इतक्या अंधारात पारदर्शक वस्तूंच्या आकृत्या ओळखता येण्याजोग्या करून दाखवल्या. त्यात संदर्भझोत नव्हता, पण प्रश्न हाच होता, क्षीण प्रकाशातून फेज काढण्याचा. नोंद थेट शिकलेल्या प्रणालीला देण्याऐवजी आधी प्रकाशाचे नियम लावून ढोबळ प्रतिमा काढली आणि मग ती प्रणालीला दिली, तेव्हा निकाल सुधारला. म्हणजे यंत्राला शिकवले म्हणून भौतिकशास्त्राला सुट्टी देता येत नाही.

या पद्धतीतला धोकाही उघड आहे. शिकलेली प्रणाली तिने जे पाहिले त्याच्या जवळ जाणारे चित्र काढते. मोजणी भरपूर असेल तर ती मोजणीला बांधलेली राहते. मोजणी विरळ झाली की रिकाम्या जागा अनुभवाने भरते. माणूसही तसेच करतो. अंधारात दोरीचा साप होतो तो असाच. फरक इतकाच, की संगणकाने भरलेली जागा मोजलेल्या जागेइतकीच स्वच्छ आणि रेखीव दिसते. चित्र धूसर असते तेव्हा पाहणारा सावध राहतो. स्वच्छ चित्रावर तो विश्वास टाकतो.

याचा सर्वसामान्यांशी संबंध कुठे येतो?

रक्ततपासणीत. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉन रुंद आणि साधारण दोन मायक्रॉन जाड असते. साध्या सूक्ष्मदर्शकात ती जवळपास पारदर्शक. म्हणून रंग लावावा लागतो. पण पेशीतून जाणारा प्रकाश भोवतालच्या द्रवातून जाणाऱ्या प्रकाशापेक्षा किंचित मागे पडतो. ढोबळ हिशेबाने हा फरक १२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लाल प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाचव्या हिश्शाएवढा. होलोग्राफीला तो थेट मोजता येतो. रंग न लावता, पेशी जिवंत असताना, तिच्या जाडीचा नकाशा मिळतो. पेशीचे आवरण काही दहा नॅनोमीटरने थरथरते, तेही टिपता येते.

यासाठी प्रकाश किती हवा? आदर्श परिस्थितीत एका ठिकाणी शंभर फोटॉन मिळाले तर मोजणीतली चूक १०-१५ नॅनोमीटरच्या घरात राहते. १२० च्या तुलनेत ती चालण्यासारखी आहे. दहा फोटॉनवर मात्र चूक तिपटीहून अधिक होते. पेशीची जाडी तेव्हाही कळेल, तिची थरथर कळणार नाही. त्या वेळी पडद्यावर थरथर दिसत असेल, तर ती कुठून आली हे विचारले पाहिजे.

बडोद्याच्या गटाने जाविदी यांच्यासह २०१२ मध्ये हिवतापाने बाधित पेशी अशा सूक्ष्मदर्शकाने ओळखण्याचे काम प्रसिद्ध केले. २०१८ मध्ये याच सहकार्यातून, थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या काचपट्टीवाल्या सूक्ष्मदर्शकाने, सिकलसेलच्या पेशी त्यांच्या थरथरीवरून वेगळ्या करण्याचे काम पुढे आले. महाराष्ट्रासाठी हे दोन्ही आजार परके नाहीत. गडचिरोलीचा हिवताप, विदर्भातील आणि नंदुरबारमधील सिकलसेल हे आरोग्ययंत्रणेचे जुने प्रश्न आहेत. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आजच्या रासायनिक चाचण्यांची जागा होलोग्राफी लगेच घेणार नाही आणि घेऊही नये. पण दुर्गम भागात नेता येईल अशा स्वस्त उपकरणाचे आकर्षण मोठे आहे. उपकरण स्वस्त करताना संवेदक साधा होतो, लेझर छोटा होतो आणि राहिलेली उणीव सॉफ्टवेअरने भरून काढण्याचा मोह वाढतो. कमी प्रकाशाचा प्रश्न प्रयोगशाळेतून दवाखान्यात येतो तो असा.

मग धोरण काय असावे?

पहिली गोष्ट, मूळ होलोग्राम जपला पाहिजे. पट्ट्यांची कच्ची नोंद हा पुरावा आहे आणि त्यावरून तयार केलेले चित्र हे मत आहे. मत नंतर तपासता येते, पण पुरावा हाताशी असेल तरच. डिजिटल होलोग्राफीचे मोठे बलस्थान हेच, की तीच नोंद उद्या चांगल्या गणिताने पुन्हा वाचता येते. रुग्णाचे निदान ज्या चित्रावरून झाले त्याची कच्ची नोंद नसेल, तर चूक झाली की नाही हे कधीच ठरवता येणार नाही. सरकारी खरेदीच्या निविदेत ही अट घालणे अवघड नाही.

दुसरी, चित्रासोबत खात्रीचा नकाशा द्यावा. कोणत्या भागात किती फोटॉन मोजले गेले हे उपकरणाला ठाऊक असतेच. ते लपवून एकसारखे गुळगुळीत चित्र दाखवण्याऐवजी, कमी मोजणीचा भाग फिका दाखवता येतो. तपासणाऱ्या तंत्रज्ञाला एवढी खूण पुरते. तिथे तो थांबेल, पुन्हा नोंद घेईल किंवा नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवेल.

तिसरी, शिकलेल्या प्रणालीची परीक्षा ज्यांच्यावर ती वापरायची त्यांच्या नमुन्यांवर व्हावी. रक्तक्षय असलेल्या किंवा एकाच वेळी दोन आजार असलेल्या रुग्णाची पेशी शिकवणीच्या चित्रांसारखी दिसेलच असे नाही. आणि नेमकी हीच माणसे दुर्गम भागातल्या तपासणीत समोर येणार आहेत.

चौथी गोष्ट संवेदकांची. राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. एकेक फोटॉन टिपणारे संवेदक हा या क्षेत्राचा पाया. सॉफ्टवेअर लिहिणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यामुळे कमी पडलेला प्रकाश गणिताने भरून काढण्याकडे आपला कल राहणे स्वाभाविक आहे. पण वाया गेलेला फोटॉन कोणतेही गणित परत आणत नाही. चांगले संवेदक, स्थिर लेझर आणि नीट घडवलेल्या काचा यांवरचा खर्च लगेच डोळ्यांत भरत नाही. तरीही चित्रातला मोजलेला भाग वाढतो तो त्याच खर्चाने.

टेलर यांनी तीन महिने थांबून एक गोष्ट सिद्ध केली. प्रकाश कितीही मंद असो, लहर आपली माहिती प्रामाणिकपणे देते; फक्त मोजणाऱ्याने धीर धरायला हवा. आज तेवढे थांबणे कोणाला परवडणार नाही आणि थांबायची गरजही बरीच कमी झाली आहे. पण वेळ वाचवताना जे मोजलेच नाही ते मोजल्याच्या थाटात रुग्णापुढे ठेवले जात नाही ना, एवढे पाहणे हे वैज्ञानिकांइतकेच आरोग्य खात्याचेही काम आहे.